मिसकॉल उचलायचा नसतो

मिसकॉल उचलायचा नसतो, एवढी साधी अक्कल ज्याला नाही त्यानं पोरांना संगणकशास्त्र शिकवू नये. मी शिकवत होतो. पगारही घेत होतो.

त्या सकाळी यवतमाळच्या आमच्या कॉलेजात मी बी.एस्सी.च्या वर्गाला दोन सेनापतींची गोष्ट सांगत होतो. एक सेनापती या टेकडीवर, दुसरा त्या टेकडीवर, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तर जिंकले. एकट्यानं केला तर मेला. पण निरोप्या जाणार दरीतूनच, आणि तो वाटेत पकडला जाऊ शकतो. पहिल्यानं निरोप धाडला, "उद्या पहाटे." तो पोचला का? दुसऱ्यानं उलट कळवलं, "पोचला." पण हे उत्तर तरी पोचलं का? असे निरोप जन्मभर धाडत बसलं तरी दोघांची पुरती खात्री कधीच होत नाही. हे सिद्ध झालेलं आहे, असं मी सांगत होतो. माझा आवाज भरून आला होता आणि मागच्या बाकावर दोघेजण शांत झोपले होते.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मी उचलला आणि म्हणालो, "हॅलो, कोण?"

पलीकडून चटका बसल्यासारखा आवाज आला. "अवं माय! उचलला!" फोन कट. लगेच पुन्हा एक रिंग वाजली आणि तीही कट.

या दोन रिंगांत आठवडाभर आखलेली योजना बुडाली. योजना माझीच होती.

आता हे नीट सांगतो. इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं ते दिवस. आउटगोइंगला मात्र माणसं अजून जीव मुठीत धरून हात लावायची. त्यामुळे आमच्याकडे फोन बोलायला नव्हता, वाजवायला होता. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे बस चुकली, असं प्रत्येक घराचं आपापलं व्याकरण होतं. आणि त्या व्याकरणाचा पहिला नियम होता, उचलायचं नाही. उचलला तर वाजवणाऱ्याचं बॅलन्स जातं आणि वर निरोपाचा सत्यानाश होतो. हे माझ्या शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं.

ती रिंग देणारी होती माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. नेरजवळच्या एका खेड्यात, यजमान वारल्यापासून, तिची पऱ्हाटी तीच पिकवायची. कापसाची ती सगळी वाईट वर्षं. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा पेपरात कशासाठी यायचं हे मी सांगायला नको. बाहेरून माणसं अभ्यासाला यायची. बाटलीतलं पाणी प्यायची, "एखादं प्रातिनिधिक घर दाखवा" म्हणायची, पऱ्हाटीच्या वावरात उभं राहून फोटो काढायची आणि संध्याकाळी परत जायची. त्यातल्या एकानं बाईला विचारलं होतं, "कापूस घरात का ठेवता?" बाई म्हणाली, "मंग काय तुमच्या घरी ठेवू?" हे त्याच्या अहवालात आलं नसावं.

कापूस घरात होता कारण दुसरीकडे जागा नव्हती. मधल्या खोलीत तो आढ्याला टेकला होता. अशा कापसात राहून पाहावं लागतं. अंगाला खाज सुटते, नाकात तंतू जातात, चिमणी पेटवायची भीती वाटते. बाईला त्याचं काही नव्हतं. पण तिची लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळंतिणीला देता येईल अशी खोली घरात एकच होती, ती मधली. पोरगी आली तेव्हापासून तिला खोकला लागला. अख्खी रात्र ती ओट्यावर बसून काढायची. बाईचं एकच म्हणणं होतं, लेकरू कापसाच्या भुस्कटात जन्मायला नको. खोली रिकामी पाहिजे.

आता कापूस द्यायचा कोणाला? नेरचं खरेदी केंद्र कधी जागा नाही म्हणून, तर कधी ग्रेडर आला नाही म्हणून बंद. यवतमाळचं चालू होतं. राहिला गावात टेम्पो घेऊन फिरणारा खेडा खरेदीवाला. त्याच्याबद्दल मला फार चांगलं बोलता येणार नाही. त्याचा काटा त्याच्याइतकाच सरळ होता. शिवाय त्याची एक युक्ती ठरलेली. या घरी जाऊन सांगायचं, "तुमच्या भावानं कालच देल्ला," आणि भावाच्या घरी जाऊन, "तुमच्या बहिणीनं देल्ला. तुमीच एकटे काहून धरून बसले?" ज्याला आपण एकटे राहिलो असं वाटतं तो पडेल त्या भावात माल सोडतो. यावर विद्यापीठात मोठाले ग्रंथ आहेत. त्या गृहस्थाचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं असावं.

यावर उपाय एकच. बाईचा कापूस, लाडखेडच्या धाकट्या मेहुण्याचा आणि बोरी अरबच्या थोरल्या मेहुण्याचा, असा तिन्ही घरचा माल एकाच ट्रकमध्ये भरून यवतमाळच्या केंद्रावर आणायचा. नेरला मिस्त्रीकाम करणारे एक चाचा होते, त्यांचा स्वतःचा ट्रक होता. त्यांनी मला आधीच बजावलं, "सर, आधी भरी गाडी अपने बस की नहीं. तीनों घर का माल पक्का बोलो, तो गाडी निकलेगी. नहीं तो आप सायकल पे ले जाओ."

म्हणजे पाहा, हुबेहूब ते सेनापतीच. तिघांनी एकदम कापूस बाहेर काढला तर ट्रक येणार. एकानं जरी माघार घेतली तर बाकीच्यांचा कापूस अंगणात उघडा पडणार, आणि ते दिवस होळीच्या आधीचे, अवकाळीचे. मी खूश झालो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विषयाचा घरात उपयोग होणार होता. मी नियम केले. ठरलेल्या सकाळी तिघांनी मला मिसकॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे आमचं तयार, दोन म्हणजे जमत नाही. तिघांचीही एकेक रिंग आली तरच मी चाचांना सांगणार आणि उलट तिघांना एकेक रिंग देणार. ती आली की कापूस काढायचा, त्याआधी नाही. जेवताना मी बायकोला हे समजावलं. ती म्हणाली, "भाजी वाढू का?"

आणि ठरलेल्या सकाळी मी काय केलं, तर पहिलीच रिंग उचलली. बाईला वाटलं, उचललेली रिंग बाद. म्हणून तिनं पुन्हा एक दिली. मी मोजल्या दोन. दोन म्हणजे नाही. नियम म्हणजे नियम, म्हणून मी चाचांना नको म्हटलं, मेहुण्यांना नको कळवलं आणि पोरांना पुढचा धडा शिकवायला घेतला. दुपारी बाईनं चक्क बॅलन्स खर्चून फोन केला.

"जावईबापू, मी तं हो म्हटलं होतं!"

"बाई, दोन रिंगा आल्या."

"एक तुमी खाल्ली ना बाप्पा!"

मागून पोरीचा खोकला ऐकू येत होता. मी म्हणालो, पुढच्या सोमवारी.

थोरल्या मेहुण्याबद्दल इथंच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचंच काम आहे. बोरी अरबच्या कुठल्याही सभेत हा माणूस कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत पहिल्या रांगेत असायचा, आणि सभा संपत आली की उठून एकीवर बोलायचा. मुठीची गोष्ट सांगायचा. एक बोट मोडतं, मूठ मोडत नाही, असं म्हणून तो मूठ वर करायचा. त्या मुठीत काय असायचं ते तिघा भावंडांना लहानपणापासून ठाऊक होतं. आंबे वाटायला बसला की वाटणारा तोच, आणि मूठभर उरलेले खाणाराही तोच. पण तो पोरीचा मामा. मामाच्या नात्यानं तरी तो सरळ वागेल, हे मी गृहीत धरलं. माझ्या हिशोबात फोन खराब होऊ शकत होता, नेटवर्क जाऊ शकत होतं, बाई गोंधळू शकत होती. खोटं बोलणारा मेहुणा मी धरलाच नव्हता. तो पुस्तकात पुढच्या प्रकरणात येतो, आणि तिथवर आमचा अभ्यासक्रम कधी पोचत नाही.

सोमवारी मी रजा टाकली आणि फोन समोर ठेवून बसलो. हात पाठीमागे बांधून, उचलायचा मोह नको म्हणून. लाडखेडची एक रिंग आली. बाईची एक आली. बराच वेळ गेला आणि बोरी अरबचीही आली, एकच. मी टाळी वाजवली. बायको स्वयंपाकघरातून डोकावली.

"काय झालं?"

"तिघंही हो म्हणाले."

"दादा बी?"

"दादासुद्धा."

तिनं पदराला हात पुसले, फोनकडे पाहिलं.

मी चाचांचा नंबर लावणार एवढ्यात लाडखेडचा फोन आला. रिंग थांबेचना. म्हणजे उचलायचा होता. धाकटा मेहुणा. हा सासुरवाडीला घरजावई राहिलेला, त्यामुळे कायम दबक्या आवाजात बोलायचा.

"भाऊजी, दादा मले म्हणून राह्यला का मी येऊन नाही राह्यलो. तुमाले काय म्हणला?"

"मला एक रिंग आली. म्हणजे हो."

"मले तं नाही म्हणला."

"मग तुम्हा दोघांतला एक खोटं बोलतोय."

"मी कायले खोटं बोलू, भाऊजी?" बिचाऱ्याचा आवाज आणखी दबला.

आणि मी तिथंच अडकलो, कारण त्या पुढच्या प्रकरणात नेमकं हेच लिहिलेलं होतं. तिघांत एक जरी खोटा असला, तर बाकीच्यांना नुसत्या निरोपांवरून तो ओळखता येत नाही. थोरला खोटा असेल तर मला जसं ऐकू येईल, अगदी तसंच धाकटा खोटा असला तरी ऐकू येईल. चौथा एखादा खरा माणूस असता तर मतं मोजता आली असती. निरोपावर न पुसता येणारी सही असती तरीही पकडता आलं असतं. पण रिंगेवर सही कुठून आणणार? रिंग ती रिंग. ती साधूची असो की चोराची, वाजते सारखीच. बोरी अरबला फोन लावला तर तो बंद.

"आता?" बायकोनं विचारलं.

"आता काही नाही. खात्री झाल्याशिवाय कोणी कापूस काढायचा नाही. मी बोरीला जाऊन येतो."

"अन् पोरगी?"

"नियम म्हणजे नियम."

"म्हणजे लेकरू त्या कापसातच होऊ द्याचं?"

"एक-दोन दिवसांनी काय होतं?" मी म्हणालो. ज्याला कधी बाळंत व्हायचं नसतं तो माणूस असली वाक्यं फार सहज बोलतो. मी पिशवी घेतली आणि बसस्टँडवर गेलो.

बोरी अरबला पोचलो तेव्हा मेहुणा ओट्यावरच होता. पांढरे कपडे, समोर चार माणसं, विषय एकी.

"या, जवाईबुवा! प्रोफेसर लोकं कसे काय आले आज गरिबाकडे? अवं, चहा टाक. मी याइले हेच सांगून राह्यलो, आपल्या लोकाइत एकी नाही. एकी पाह्यजे!"

"कापूस तयार आहे का?" मी विचारलं.

"एकदम तयार."

"कुठं आहे?"

"आतमंदी."

"बघू?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत आतून त्याची बायको म्हणाली, "काय पाहता भाऊजी, कालच टेम्पोत गेला. खोली झाडून बी झाली माही."

समोरची चार माणसं चपला शोधू लागली. मेहुणा मात्र तसूभर हलला नाही. या गोष्टीचं मला आजही नवल वाटतं. लाज ही वस्तू काही माणसांना मुळात दिलेलीच नसते, जशी काही बैलांना शिंगं नसतात.

"मग मला एक रिंग कशाला दिली?"

"दोन द्याच्या होत्या, जवाईबुवा. पहिली देल्ली अन् बॅलन्स सरलं."

"मिसकॉलनं बॅलन्स सरत नाही."

"आमच्या इकडे सरते," तो शांतपणे म्हणाला.

मी चहा घेतला. घ्यायला नको होता, पण घेतला. चहा पिता पिता डोक्यात उजेड पडला. बाकीचे दोघं कापूस धरून बसले होते म्हणूनच खेडा खरेदीवाल्यानं याला थोडा बरा भाव दिला होता. सगळे थांबलेले असताना एकट्यानं विकणं यासारखा फायद्याचा धंदा नाही. म्हणून बाकीच्यांना थांबवून ठेवायचं, आणि थांबवायला एकीचं भाषण सगळ्यात स्वस्त. याच्या मुठीचा अर्थ मला तिथं कळला. आणि दुःख हे, की हे सगळं मी फळ्यावर चौकटी काढून दरवर्षी शिकवत होतो. दोन कैदी, दोन कोठड्या, आणि प्रत्येकाला दुसऱ्याशी दगा करण्यातच फायदा. पोरं उतरवून घ्यायची. कैद्याला मी कधी पाहिलं नव्हतं, आता त्याच्याकडे बसून चहा पीत होतो.

घरी फोन लावला तर कोणी उचलेना. आभाळ भरून येत होतं. मी दारव्ह्यावरून नेरची बस धरली. बाईला समोर बसून सांगायचं होतं की ट्रक येणार नाही, कापूस आतच राहू दे, पुढचं पाहू.

बाईच्या दारात पोचलो तर तिथं टेम्पो उभा. तोच टेम्पो. अंगणात कापसाचा ढीग, शेजारपाजारच्या बाया गाठोडी बांधून भरताहेत आणि खेडा खरेदीवाला काट्यापाशी उभा राहून आभाळाकडे प्रेमानं पाहतोय. आभाळ अशा माणसांच्या बाजूनंच भरून येतं.

"या सर," तो म्हणाला. "तुमच्या साळ्याचा माल नंबरी होता. याच्यात किडकी कवडीच लई हाय."

मी तडक आत गेलो. मधली खोली मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रिकामी पाहत होतो. बाई कोपरापर्यंत शेणानं भरलेल्या हातांनी सारवत होती.

"बाई! कापूस कोणी काढायला सांगितला?"

"कोण म्हंजे? तुमीच! एक रिंग आली ना सकाळी. यवतमाळची."

"मी नाही दिली."

"मंग काय भुतानं देल्ली? हे पाहा." तिनं हनुवटीनं कोनाड्यातल्या फोनकडे खूण केली. "एक वाजली, कट झाली. मी उचलली बी नाही. मले समजते, कोणाले नसन समजत."

"आणि ट्रक?"

"कापूस बाहीर काहाडल्यावर चाचाले विचारलं. ते म्हणे, मेरे को किसी ने बोलाच नहीं. मंग हा टेम्पोवाला दिसला, त्याले हाक मारली. पाणी यायच्या आत उचल म्हटलं."

"याच्या भावात? बाई, अहो, चार दिवस थांबलो असतो तर..."

"भाव गेला चुलीत, जावईबापू." तिनं शेणाचा हात भिंतीकडे लांबवला आणि शेवटचा कोपरा सारवला. "चार दिवस म्हंजे तुमच्यासाठी. तिच्यासाठी कोण थांबते?"

ओट्यावर भाची बसली होती. मला पाहून हसली आणि खोकली, पण सकाळपासून कमी आहे म्हणाली. टेम्पो गेला तसे पावसाचे टपोरे थेंब अंगणात पडले आणि कापसाच्या उरल्यासुरल्या पुंजक्यांचा चिखल झाला. संध्याकाळपर्यंत सारवण सुकलं. बाईनं खोलीत खाट टाकली, खाटेखाली कडुनिंबाचा पाला ठेवला आणि पोरीला आत नेलं. पोरगी झोपली. मी ओट्यावर बसून ऐकत होतो, खोकला आला नाही. त्याच आठवड्यात तिला त्याच खोलीत मुलगा झाला. आता तो पुण्यात कॉम्प्युटर शिकतो. त्यानं माझं काही ऐकलं नाही, हे बरंच झालं.

त्या दिवशी घरी परतल्यावर मी जेवतानाच चौकशी सुरू केली. ती रिंग दिली कोणी? माझा फोन दिवसभर माझ्या खिशात होता. मी सांगितलं, हे थोरल्या मेहुण्याचंच कारस्थान. बहिणीचा माल उघड्यावर पाडायचा आणि टेम्पोवाल्याच्या घशात घालायचा, दुसरं काय? पण त्याच्या नंबरावर यवतमाळ कसं दिसेल? मग म्हणालो, लाइन क्रॉस झाली असेल. मग म्हणालो, यात एखादा चौथा माणूस आहे, आणि तो कोण हे निव्वळ विचारानं सापडलं पाहिजे. मी ताटात भाताची तीन शितं ठेवून चौथ्याची जागा शोधू लागलो. घरातला टेलिफोन माझ्या मागेच, क्रोशाच्या रुमालाखाली होता.

बायको समोर बसून वांग्याची भाजी खात होती. तिनं माझी शितं पाहिली, आमटीचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाली, "दादानं हो म्हटलं, तवाच मले समजलं का त्याचा कापूस गेला. ट्रक काही येत नाही, पण खोली तं रिकामी होईन, म्हणून घरच्या फोनवरून मीच बाईले देल्ली एक. तुमच्या हाती ठेवली असती तं तुमी ती बी उचलून विचारलं असतं, हॅलो, कोण?"